आधी सांगून ठेवते

"साहेब, आधी सांगून ठेवते, माझ्या पर्समध्ये पिस्तूल आहे. भरलेलं आहे. परवाना शेजारच्या कप्प्यात आहे."

माझी थोरली बहीण व्हर्लीन हे वाक्य वयाच्या एकविसाव्या वर्षापासून म्हणत आली होती. काच पूर्ण खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं पसरलेली. पोलिसाने थांबवलं की त्याने नाव विचारायच्या आत हे सांगून मोकळं व्हायचं. तसा कायदा आमच्या केंटकीत नाही, पण आमच्या डोंगरात ही रीत आहे. आमचा बाप कोळशाच्या खाणीत कामाला होता. गाडी शिकवताना त्याने गिअरच्या आधी हे शिकवलं होतं. पोलिसाला हत्यार दिसायच्या आधी ते आपल्या तोंडून कळलं पाहिजे, म्हणजे तोही निर्धास्त आणि आपणही. आमच्याकडचे पोलीस यावर टोपीला हात लावतात, "ठीक आहे बाई, तुमचं तुमच्याकडे राहू द्या, माझं माझ्याकडे," म्हणतात आणि कामाचं बोलतात.

हा पोलीस मात्र दोन पावलं मागे सरला आणि त्याचा हात कमरेला गेला.

"पर्सला हात लावू नका."

"लावला कुठे? हात इथेच आहेत की," ताई म्हणाली.

"खाली उतरा. हळू. तुम्हीही, दादा. हात दिसू द्या."

भर दुपार होती. केंटकीहून निघून दुसरा दिवस, न्यू जर्सीत शिरून जेमतेम तास झालेला, आणि ताईची मुलगी केंड्रा राहते ते गाव चाळीस मिनिटांवर. मागे ट्रेलर, त्यात ताईचं सगळं घर. पोलिसाने थांबवलं होतं ते ट्रेलरचा मागचा दिवा लागत नव्हता म्हणून. बत्तीस वर्षं मी कोळशाचे ट्रक दुरुस्त केले. तो बल्ब बदलायचा म्हणून आठ दिवस खिशात घेऊन हिंडत होतो. त्या क्षणीही तो माझ्या खिशातच होता.

पोलिसाने परवाना उलटसुलट बघितला. "हा केंटकीचा आहे."

"मी केंटकीची आहे. मग कुठला असणार?"

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

"इथे हा चालत नाही, बाई," तो म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. आवाज चढवला नाही, बेड्या घालताना ताईच्या मनगटावरचं घड्याळ नीट वर सरकवलं. शिव्या घालाव्यात एवढंही त्याने काही ठेवलं नाही, आणि माझं मन त्यामुळे जास्तच जळलं.

ताईला अजूनही वाटत होतं की कुठेतरी फोन होईल, कोणीतरी चूक कबूल करेल. गाडीत बसता बसता ती मला म्हणाली, "डेल्मर, तो बर्फाचा डबा उन्हातून हलव. केंड्रासाठी घेवडा शिजवून आणलाय, हॅमचं हाड घालून. आंबेल."

आंबला. ती दोन दिवस कोठडीत होती.

पिस्तूल तिने हौसेने घेतलेलं नव्हतं. ताई घरोघरी जाऊन रुग्ण बघणारी नर्स. एकतीस वर्षं एकटी मोटार घेऊन दऱ्याखोऱ्यांतून फिरली, आणि बहुतेक रुग्ण असे, ज्यांना बरं व्हायचंच नव्हतं, फक्त दुखू नये एवढंच मागणं होतं. आमच्याकडे दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांच्या नशेपायी निम्मी तरणी पिढी वाया गेली. एकदा भर सकाळी एक माणूस हातात लोखंडी पाना घेऊन तिच्या गाडीपाशी उभा राहिला. बॅगेत गोळ्या आहेत असं त्याला वाटलं होतं. बॅगेत होते रक्तदाब बघायचं यंत्र आणि मोजे. ताईने पिस्तूल बाहेर काढलं, जमिनीकडे रोखलं आणि म्हणाली, "घरी जा, बाळा." तो गेला. पुढे त्याच माणसाच्या आईचं दुखणं दोन महिने तिनेच काढलं आणि म्हातारीचे डोळेही तिनेच मिटले. आयुष्यात त्या पिस्तुलातून जी काही गोळी सुटली ती पत्र्याच्या डब्यावर.

सरकारने दिलेली वकीलबाई मिळाली, रॉझलिन पॅवलिक. पन्नाशीची, केसांत पेन्सिल खोचलेली, बोलायला फटकळ. तिच्यासमोर बसून ताईने आपलं म्हणणं मांडलं.

"माझं गाडीचं लायसन्स इथे चालतं. माझं नर्सिंगचं लायसन्स इथे चालतं. माझं लग्न इथे चालतं, नवरा मेलाय तरी. मग हाच एक कागद का चालत नाही?"

"कारण प्रत्येक राज्य याबाबतीत आपापलं बघतं. पिस्तूल आणायचंच होतं तर रिकामं करून, पेटीत घालून, कुलूप लावून, मागे सामानात ठेवायचं. घर बदलताना तेवढी मुभा आहे. पर्समध्ये, भरलेलं, म्हणजे गुन्हा. मोठा. शिक्षा झाली तर पहिली साडेतीन वर्षं सुटकाच नाही."

"आणि रस्त्यात कोणी अंगावर आलं तर? पेटी उघडेपर्यंत थांब म्हणायचं त्याला?"

"घराबाहेर असाल आणि सुखरूप निघून जाता येत असेल, तर आधी निघून जायचं. इथे कायदा तसा आहे."

"म्हणजे पळायचं?"

"पळायचं म्हणा."

ताईने स्कर्ट जरा वर करून गुडघे दाखवले. दोन्हींवर शस्त्रक्रियेचे व्रण. "या गुडघ्यांनी? बाई, मी जिन्याला घाबरते."

पॅवलिकबाई हसली नाही. मी मात्र न राहवून विचारलं, "तिने त्या पोलिसाला सांगितलंच नसतं तर?"

"तर दिव्याची पावती घेऊन तुम्ही दोघं संध्याकाळी मुलीकडे जेवायला बसला असता."

अटकेपेक्षा ताईला हे वाक्य लागलं. मी गावी परतलो, आणि त्यानंतरचे नऊ महिने ती अधूनमधून कामात मध्येच थांबायची आणि मला फोन करून म्हणायची, "म्हणजे खोटं वागले असते तर सुटले असते, असंच ना रे?" मी म्हणायचो, गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे. ती म्हणायची, "बाबांना सांग जा."

ते नऊ महिने तिने केंड्राकडे काढले. केंड्राचा नवरा बाळ पोटात असतानाच निघून गेला होता. नात साडेसात महिन्यांची जन्मली होती, म्हणून तर ताई घर विकून निघाली होती. नातीला सांभाळायचं आणि अर्धा दिवस तिथल्या एका कंपनीत घरोघरच्या रुग्णांचंच काम करायचं, असं ठरलं होतं. नोकरी पक्की झाली होती. अटकेचं कळल्यावर कंपनीने प्रकरण मिटेपर्यंत थांबा म्हटलं.

केंड्राही तोंडाला येईल ते बोलली. "आई, मी फोनवर सांगितलं होतं ना, इथे तुझं ते चालतं का बघ म्हणून?"

"मी म्हटलं ना तुला, माझ्याकडे परवाना आहे."

"तुझ्याकडे परवाना आहे हे मला माहीत होतं गं! इथे चालतो का, एवढंच विचारायचं होतं कोणाला तरी."

"कोणाला विचारायचं? आपल्याकडे असलं कोणी विचारतं का?"

खरंच नाही विचारत. माझ्या अख्ख्या आयुष्यात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

शेवटी पॅवलिकबाईने चिकाटीने मार्ग काढला. आजवरची वागणूक स्वच्छ, म्हणून खटला न चालवता देखरेखीखाली ठेवायचं, आणि ती मुदत सरळ पार पडली की आरोप रद्द. नऊ महिने सरता सरता तीही पार पडली. शिक्षा नाही, गुन्हेगार असा शिक्का नाही. पिस्तूल मात्र सरकारजमा. ते वितळवतात म्हणे. निरोप घेताना वकीलबाईने ताईचा हात धरून बजावलं, "आता नीट ऐका. नोकरीच्या अर्जात विचारतील, कधी दोषी ठरला होतात का? तिथे 'नाही' लिहायचं. ते खरं आहे. आणि पेन खाली ठेवायचं."

ताईने 'नाही' लिहिलं. पेन खाली ठेवलं नाही. त्याच्या खालच्या कोऱ्या जागेत तिने बारीक अक्षरात लिहिलं, की दोषी ठरले नाही पण अटक झाली होती, अमुक तारखेला, अमुक कारणाने, आणि पिस्तूल भरलेलं होतं. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं.

कंपनीने आभार मानले आणि दुसरी नर्स घेतली.

"कोणी विचारलं होतं तुला?" मी फोनवर अक्षरशः ओरडलो.

"मागून कळलं असतं तर?"

"कळलं असतं तर कळलं असतं!"

"नाही रे. आधी सांगितलेलं बरं."

मग तिने आमच्याकडच्या जुन्या संस्थेत अर्ज पाठवला, जिथे एकतीस वर्षं काढली. तिथली मुख्य नर्स निवृत्त झाली होती, नवीन बाई बाहेरची. त्या अर्जावरही तिने तेच लिहिलं, या वेळी स्वतंत्र कागद जोडून. त्यांचं उत्तर आलं, की संस्थेचा विमा उतरवणाऱ्या कंपनीची चौकशी पूर्ण होईपर्यंत रुग्णांच्या घरी पाठवता येणार नाही. किती दिवस, ते लिहिलं नव्हतं. तोवर नात पाळणाघरात रुळली होती आणि ताईचा त्या दोन खोल्यांत जीव रमत नव्हता. केंड्राने "राहा" म्हटलं, पण दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मी जाऊन ताईला घेऊन आलो.

परतताना गाडी मी चालवत होतो. ट्रेलर नव्हता. घर विकलेलं, सामान बरंचसं तिकडेच देऊन टाकलेलं, मागच्या सीटवर दोन बॅगा. आमच्या गावाच्या अलीकडे, पुलापाशी, मागून निळे दिवे लागले. आरशात बघितलं तर लोनी सायझमोर होता. आमच्याकडे पोलीस गप्पा मारायलाही थांबवतात. लोनीच्या आजीचं शेवटचं दीड वर्ष ताईनेच केलं होतं.

तो तिच्या बाजूने आला. काच खाली गेली.

"व्हर्लीनमावशी! गाडी ओळखली म्हणून थांबवलं. चला, सांगा लवकर." तो हसत होता. "आज पर्समध्ये आहे की डॅशबोर्डच्या खणात? मी विचारायच्या आत सांगायचं असतं ना?"

ताईने दोन्ही हात पुढे डॅशबोर्डवर ठेवले. बोटं पसरली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"नाही रे," ती शेवटी म्हणाली. "काही नाही."

लोनीचं हसू जरा ओशाळलं. मग त्याला आठवलं तसं तो खिडकीत वाकला. "मावशी, आईचं दुखणंही तेच निघालंय. आजीचं होतं तेच. संस्थेने कोणी नवीन पोरगी पाठवलीय, आई तिला हात लावू देत नाही. व्हर्लीन येईल म्हणते. कधीपासून येणार तुम्ही?"

मला वाटलं, आता सांगेल. अटक, पिस्तूल, अर्ज, विमा, सगळं तारखेनिशी सांगेल. मी मनातल्या मनात तयारसुद्धा झालो. एरवी चिडलो असतो, पण त्या वेळी मला ते ऐकायचं होतं.

"बघू," ताई म्हणाली. "आईला विचारलं म्हणून सांग."

लोनीने टोपीला हात लावला आणि तो गेला. मी गाडी सुरू केली. पूल गेला, दुकान गेलं, ज्या वळणावर तिचं घर होतं ते वळण गेलं. माझ्या अंगणात गाडी लावून मी इंजिन बंद केलं. ताईचे हात अजून तिथेच होते, डॅशबोर्डवर, बोटं पसरलेली.

"ताई, गेला तो."

"माहीत आहे," ती म्हणाली, पण हात काढले नाहीत.