एका उंचीच्या पिना

गुरुवारचं काम जमलं, तर वहिनींना वर्षाचे निदान वीस रविवार परत मिळणार होते. पंपघरात चार पंप आणि चौघांची कंट्रोल कार्डं एकाच पॅनेलमध्ये. कार्डं बदलायचं काम वहिनींचं. एक कार्ड बदलायचं तरी चारही पंप बंद करावे लागत, आणि तशी मुभा फक्त रविवारी, दुपारी दोन ते चार. नेमकी तीन वाजता वहिनींची लेक तलावात उतरायची. ती आता खोल पाण्यात पोहते, हे वहिनींनी नवऱ्याकडून ऐकलं होतं. पाहिलं मात्र नव्हतं.

म्हणून त्यांनी नवं कार्ड आखलं. पॅनेल चालू असतानाच घालायचं, चालू असतानाच काढायचं. शेजारच्या पंपांना पत्ताही लागता कामा नये. चौथ्या पंपाच्या कार्डाची जागा गेल्या रविवारपासून रिकामी होती. तिथे गुरुवारी अकरा वाजता, पंपघराच्या मोठ्या साहेबांसमोर, ते बसवून दाखवायचं होतं.

कार्डांची जुळणी धाकट्या दिराकडे. जगात दोनच गोष्टींवर त्याचा जीव: दुपारची झोप आणि टापटीप. स्क्रूंच्या खाचासुद्धा तो एका दिशेला वळवून ठेवी. गुरुवारी सकाळी नऊला त्याने दोन कार्डं वहिनींसमोर मांडली आणि बक्षीस घ्यायला आल्यासारखा उभा राहिला.

"वहिनी, पिना बघा."

वहिनींनी बघितल्या. बत्तीसच्या बत्तीस पिना एका उंचीच्या, चकचकीत.

"भावजी, यातल्या काही लांब होत्या ना?"

"होत्या तर! चार लांब, सहा मध्यम, बाकीच्या आखूड. म्हटलं, काय माल पाठवलाय! कानस घेतली आणि सगळ्यांना शिस्त लावली. दोन तास लागले."

"अहो, त्या मुद्दाम तशा होत्या!"

"असं वेडंवाकडं मुद्दाम कोण करतं?"

"मी."

भावजींनी पुन्हा पिनांकडे बघितलं.

"पाहुणा आला की आधी पाय पुसतो, मग टेकतो, मग बोलतो," वहिनी म्हणाल्या. "लांब पिना अर्थिंगच्या, त्या आधी टेकायच्या. मधल्यांतून वीज हळूहळू भरायची. आखूड पिना सिग्नलच्या, त्या शेवटी. तुमचा पाहुणा आता दार ढकलून, बोलतबोलतच आत घुसणार."

"एवढ्याशा फरकाने काय होतंय!"

वहिनींनी चाचणीच्या चालू रॅकमध्ये एक कार्ड सरळ खुपसलं. चट्ट! ठिणगी उडाली, कार्डातून करपट वास आला आणि शेजारच्या तिन्ही कार्डांचे दिवे डोळा मारून विझले.

"हे पंपघरात झालं असतं तर?"

"सांगायचं ना मला!"

"नकाशात काढलं होतं की."

"मला वाटलं, तुमचा हात हलला."

वहिनींनी जळालेलं कार्ड बाजूला ठेवलं. तोंडाने सांगितलं नव्हतं, हे खरंच होतं.

नव्या पिना यायला दीड महिना. हातात एक कार्ड, वेळ दोन तासांपेक्षा कमी. कार्ड आत जाण्याआधीच ते पॅनेलशी जोडायला वहिनींनी दोन वायरी कापल्या आणि त्यांना क्लिपा लावल्या. काळी सरळ अर्थिंगला. लाल वायरीत मध्ये रेझिस्टर, म्हणजे वीज धावत न येता चालत येईल. सिग्नलसाठी कार्डावर बटण होतंच. ते दाबेपर्यंत कार्ड मुकं. रॅकमध्ये तीनदा करून पाहिलं. शेजारचे दिवे ढिम्म हलले नाहीत.

"पिना नाहीत, तर पिनांचं काम तुम्ही करायचं, भावजी. चला."

पंपघरात साहेब हात मागे बांधून उभे होते. "तीन पंप चालू आहेत, बाई. एक जरी अडखळला, तर हा नाद सोडायचा आणि रविवारी यायचं."

भावजींनी काळी क्लिप लावली, मग लाल. वहिनींनी मनात पाचापर्यंत मोजलं, कार्ड आत सरकवलं, बटण दाबलं. चौथा पंप खोकला आणि फिरू लागला. बाकी तिघांची घरघर होती तशीच राहिली.

साहेबांनी मिनिटभर कान दिला. "जमलं की!"

"नव्या पिना आल्या की क्लिपांची गरज नाही," वहिनी घाईने म्हणाल्या.

"पिना घाला, पण क्लिपाही ठेवा. पिना आत काय करतात, मला कुठे दिसतंय? आणि हे गृहस्थ लावतात किती नीट! कार्ड बदलायला यांनाच पाठवा. आता रविवार कशाला? कुठल्याही दिवशी, जेवण झालं की दोन वाजता. मी मोकळा असतो."

"दोन वाजता?" भावजी कळवळले.

"येतील हो," वहिनी म्हणाल्या.

त्या रविवारी तीन वाजता लेक खोल पाण्यात उतरली, पार पलीकडे गेली आणि काठावर आईला बघून नाकातोंडात पाणी जाईपर्यंत हसली. जळालेल्या कार्डाचं नुकसान वहिनींनी आपल्या न सांगण्यापायी सोसलं. साहेबांचं काहीच गेलं नाही. बाकी सगळी भरपाई भावजींच्या दुपारच्या झोपेतून झाली.