अर्ध्यावर ओढलेली रेघ

मी पेट्रोलची टाकी बोलतेय. लाल प्लॅस्टिकची, चोवीस लिटरची. आतलं पेट्रोल बाहेरून दिसतं आणि एका नळीनं ते होडीच्या इंजिनाला जातं. जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण आयुष्य गेलं प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या मैआना बेटावर, बाउरो कोळ्याच्या होडीत.

बाउरो दर्याचा पक्का जाणकार. पाण्याचा रंग बघून मासा सांगायचा. शाळेत मात्र गणिताचा तास आला की खिडकीतून पसार! त्याची आत्या रोतिया तिथं शिकवायची. एकदा तिनं विचारलं, "तिसरा भाग मोठा की चौथा?" हा म्हणाला, "चौथा. तीनापेक्षा चार मोठे." वर्ग खदाखदा हसला. त्या दिवसापासून त्यानं कधी कुणाला काही विचारलं नाही. हे सगळं मी आत्याच्याच तोंडून ऐकलंय.

आमच्याकडे वारा आणि प्रवाह दोन्ही पश्चिमेला ओढतात, आणि ट्यूना मासाही तिकडेच. जाताना होडी सुसाट जाते, येताना दुप्पट पेट्रोल पिते. मी नवी कोरी आले तेव्हा आत्यानं बाउरोला किनाऱ्यावर गाठलं.

"हे बघ, तिसरा भाग संपला की वळायचं. दोन भाग परतीला. कळलं ना?"

"कळलं गं आत्या! मासे काय पाढे विचारून गळाला लागतात?"

काडीचं कळलं नव्हतं. पण चारचौघांत पुन्हा हसं कोण करून घेणार? त्याला फक्त अर्धा भाग कळत होता. त्यानं रंग आणला आणि माझ्या मधोमध पांढरी रेघ ओढली. अर्धं जायला, अर्धं यायला.

दोन वर्षं मासे जवळच मिळाले, रेघेपर्यंत जायची वेळच आली नाही. त्याला वाटलं, आपला हिशेब बरोबर.

मग एकदा मासे लांब गेले. धाकटा भाऊ इओतुआ सोबत होता.

"दादा, वळूया. किनारा दिसेनासा झालाय."

"भित्रा कुठला! पेट्रोल अजून रेघेच्या वर आहे."

रेघेला टेकलं तेव्हा वळलो. परतीच्या निम्म्या वाटेत मी कोरडी पडले.

बावीस दिवस आम्ही वाहत गेलो. पावसाचं पाणी त्यांनी माझ्यातच साठवलं. त्याला पेट्रोलचा वास मारायचा, तरी प्यायचे. अठराव्या दिवशी इओतुआला घोट गिळवला नाही, आणि संध्याकाळी तो गेला. बाउरोनं त्याला दर्यात सोडलं. मला माझीच किळस आली. पुढे एका मासेमारी जहाजानं आम्हाला उचललं.

किनाऱ्यावर इओतुआची बायको तेकाई उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "भावोजी, किती कमी पडलं?"

बाउरो बोटांवर मोजायला लागला. चुकला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा चुकला. मग वाळूत बसून ढसाढसा रडला.

आता मी त्याच्या अंगणात उन्हात तडकत पडलेय. मुलांनो, कळलं नसेल तर वर्गातच सांगा रे, आत्ताच, लहान आहात तोवर. हसणारे हसतील आणि घरी जेवायला जातील. मोठेपणी विचारायची लाज वाटते, आणि दर्या काही समजावून सांगत बसत नाही.

त्या दिवशी मला वाचा असती तर मीच सांगितलं असतं: बारा लिटर कमी पडलं, तेकाई. घरी माचाखाली वीस लिटर पेट्रोल भरून ठेवलेलं होतं.