खळ घातलेला स्लायडर

विमानातून उड्या मारून म्हातारा झालेला माणूस थापा मारत नाही. पडता पडता थाप रचायला सवड कुठली? तेव्हा ऐका.

पॅराशूट एका झटक्यात उघडलं, तर माणसाची हाडं खिळखिळी होतात. म्हणून छत्रीच्या खाली उशीच्या अभ्र्याएवढं एक चौकोनी कापड असतं. त्याच्या चार कोपऱ्यांतल्या कड्यांमधून सगळ्या दोऱ्या ओवलेल्या असतात. हा स्लायडर. छत्री फुगायला लागली की तो दोऱ्यांवरून घसरत डोक्यापर्यंत येतो. मग त्याची नाडी आवळायची आणि त्याला मानेमागे सारायचं. नाहीतर कानाशी नुसती फडफड.

त्या दिवशी मी छत्री काढली, वर पाहिलं. स्लायडर जागचा हललाच नव्हता. छत्रीचं तोंड गाठोड्यासारखं आवळलेलं आणि मी धोंड्यासारखा खाली.

अशा वेळी ब्रेकच्या दोन्ही मुठी खसाखसा ओढायच्या नि सोडायच्या. भलेभले स्लायडर मुकाट्याने खाली येतात. हा ढिम्म! डोळे ताणून पाहतो तर कापडावर इस्त्रीची घडी. सुरीसारखी धारदार.

लगेच ओळखलं. आमच्या छत्र्यांच्या घड्या घालायचा माझा मेहुणा, आणि त्याच्याकडे मुक्कामाला आल्या होत्या त्याच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. मळकं फडकं दिसलं की बाईंचे हात शिवशिवतात. त्यांनी स्लायडर दोऱ्यांसकट टबात बुचकळून धुतला होता आणि वर खळ घातली होती. नायलॉनला खळ धरत नाही म्हणतात. सासूबाईंची धरते. सासऱ्यांचे सदरे खुंटीवाचून उभे राहायचे.

पाठीवर राखीव छत्री होती. पहिली सोडायची, दुसरी काढायची, हा नियम. हात राखीव छत्रीच्या मुठीपर्यंत गेला आणि तिथेच गोठला. तीही मेहुण्याच्या घडी घालायच्या टेबलावर उघडी पडलेली होती, आणि सासूबाई कुठलंही काम अर्धवट सोडत नाहीत!

खालची छपरं भराभर मोठी होत होती. एका गच्चीवर वाळत घातलेले मोजेसुद्धा दिसले. एवढ्यात वाट चुकलेला एक ढग खालून आला आणि मी त्यात बुडालो. डोक्यापासून पायांपर्यंत चिंब! मानेवर काहीतरी चिकट, पांढरं ठिबकायला लागलं. खळ विरघळत होती! मी जीव खाऊन मुठी ओढल्या. स्लायडर सळसळत खाली आला, छत्री भप्पकन फुगली आणि माझं बूड खांद्यांपर्यंत वर आलं.

मैदानात उतरलो. सासूबाई सगळ्यांच्या आधी पोचल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी स्लायडर चिमटीत धरला.

"अगंबाई, सगळी खळ घालवलीत की हो, जावईबापू! किती खपून इस्त्री केली होती."

मागून मेहुणा धापा टाकत आला. पार पांढराफटक.

"आई, त्या खळीने भावोजी मेले असते आज!"

बाई मटकन गवतात बसल्या. हातातलं कापड सुटलं. 

"तुला घडी घालताना दिसलं होतं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"दिसलं ना. कडक लागलं हाताला."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तुला? तुला कोण बोलणार?"

बाईंचा पदर तोंडाशी गेला. मग त्या हळूच म्हणाल्या, "यापुढे माझं चुकलं तर तोंडावर सांगायचं. तू पण, आणि जावईबापू, तुम्हीसुद्धा."

लग्न झाल्यापासून मी या परवानगीची वाट पाहत होतो. घसा खाकरला.

"मग सासूबाई, सुरुवात करू?"

"आज नको हो," त्या म्हणाल्या आणि हात माझ्यापुढे केला. "आज आधी मला उठवा."