गादीवरचे पंचवीस मीटर

पोहायला पाणी लागतं, हे मोठ्या सरांना तोंडावर सांगायची हिंमत शाळेत कुणालाच झाली नाही. कारकूनबाईंनाही नाही. आणि त्या तर चांगल्या फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या.

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. गरीब घरच्या मुलांसाठी आणि खेळासाठी म्हणून शाळेला दरवर्षी जादा पैसे मिळत, आणि ते मिळाले रे मिळाले की सरांना शाळेच्या दर्शनी भागात काहीतरी कमी दिसायला लागे. गेल्या वर्षी सभागृहाला मखमली पडदा आला. यंदा फाटकावर दिव्यांची पाटी आली. ‘खेळातून घडे जीवन’ ही अक्षरं तिच्यावर दिवसभर उजवीकडून डावीकडे पळत असत. या शाळेत नेमाने पळणारं तेवढंच, असं कारकूनबाई म्हणत. मनातल्या मनात, अर्थात.

पण यंदा वरून आलेल्या अहवालाच्या नमुन्यात एक नवाच रकाना निघाला. नुसता खर्च दाखवून भागणार नव्हतं, मुलांना काय यायला लागलं तेही लिहायचं होतं. आणि सरांनी तर अर्जात ठोकून दिलं होतं, चाळीस गरजू मुलांना पोहायला शिकवू म्हणून. पोहण्याचा तलाव शाळेपासून बसने वीस मिनिटांवर होता. बसचे पैसे मात्र फाटकावर लुकलुकत होते.

“शिवाय मुलं ओली होणार, सर्दी होणार, पालक भांडायला येणार,” सर म्हणाले. “ही झंझट हवी कुणाला?”

मग खेळाच्या मास्तरांना हुकूम सुटला. हे मास्तर गळ्यात शिट्टी घालूनच जन्माला आले असावेत, म्हणून त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत. त्यांनी लांबलचक व्हरांड्यात व्यायामाच्या गाद्या अंथरल्या, टेप लावून पंचवीस मीटर मोजले आणि चाळीस पोरांना पालथं झोपवून हातपाय मारायला लावले. दोन आठवडे पोरं गुडघे सोलून घेत गादीवरून सरपटत होती. उंटावरून शेळ्या हाकणारे कारकूनबाईंनी पुष्कळ पाहिले होते. गादीवर पोहायला शिकवणारे हे पहिलेच.

“पाण्यात पडलं की माणूस आपोआप हातपाय हलवतो,” सरांनी समजावलं. “आपण ते आधीच हलवून घेतले, एवढंच. तुम्ही प्रमाणपत्रं छापा.”

कारकूनबाईंनी छापली. सोनेरी किनारीची, जाड कागदावर, ‘पंचवीस मीटर पोहण्याचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण’. रोज घरी गेल्यावर नवऱ्यापुढे सरांची अशी टर उडवायच्या की तो हसून हसून बेजार व्हायचा. त्या दिवशी चाळिसाव्या कागदावर शिक्का मारताना मात्र त्यांना स्वतःचीच लाज वाटली. वाटली, आणि त्यांनी शिक्का मारला.

तपासणीला अधिकारीबाई आल्या तो शुक्रवार होता. सरांच्या खोलीत चहा गेला. तेवढ्यात हातातली बादली दाराशी ठेवून सफाईच्या मावशी कारकूनबाईंच्या टेबलापाशी आल्या. त्यांची मुलगी याच शाळेत तिसरीत होती. एका जागी म्हणून बसत नसे, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणत. चाळिसांत तिचंही नाव होतं.

“बाई, एक विचारायचं होतं. रविवारी भावाकडे जायचंय. त्याच्या घरामागे तळं आहे, चांगलं दोन पुरुष खोल. त्याची पोरं उड्या मारतात आणि मी हिला काठावर हात धरून बसवते. दरवर्षी रडून गोंधळ घालते. आता कागद मिळालाय म्हटल्यावर यंदा सोडायची म्हणतेय. सोडू ना?”

कारकूनबाईंना ‘नको’ म्हणायचं होतं. पण नोकरीत वीस वर्षं मुरलेली जीभ, ती आपल्या सवयीनेच वळली. “मला काय विचारता मावशी, सही सरांची आहे. त्यांना विचारा.”

मावशी सरळमार्गी बाई. त्या तशाच सरांच्या खोलीत शिरल्या आणि अधिकारीबाईंच्या देखत विचारून मोकळ्या झाल्या. कारकूनबाई मागोमाग धावल्या, पण उशीर झाला होता.

सरांनी घोट गिळला. “सोडा की! म्हणजे, मोठं माणूस सोबत असू द्या. ऊन बघा. वारा बघा.”

“अरे वा, मुलगी शाळेतच आहे का? बोलवा की,” अधिकारीबाई खूश होऊन म्हणाल्या. दिवसभर कागद बघून त्या कंटाळल्या होत्या.

भिंगरी आली ती धावतच.

“छान पोहतेस म्हणे?”

“मी सगळ्यांत पहिली आले! दाखवू?” आणि कुणी हो म्हणायच्या आत ती सरांच्या गालिच्यावर पालथी पडली. एक हात पुढे, मग दुसरा, पाय खाड खाड. सरपटत ती दारापासून टेबलापर्यंत गेली. “श्वास या बाजूला घ्यायचा,” तिने मान वळवून सांगितलं. “नाहीतर गादीची धूळ नाकात जाते.”

अधिकारीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. “आणि पाण्यात?”

“पाण्यात रविवारी,” भिंगरी म्हणाली.

सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर पाटीवर अक्षरं पळत होती.

“मावशी, तिला पाण्यात सोडू नका,” कारकूनबाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. “तिला पोहता येत नाही. त्या चाळिसांतल्या एकालाही येत नाही. पाणी कुणी पाहिलेलंच नाही. सरांनी सांगितलं आणि मी छापलं.”

“पण सरांची सही आहे,” भिंगरी गालिच्यावरूनच म्हणाली.

मावशींनी लेकीला उचलून उभं केलं आणि तिच्या फ्रॉकची धूळ झटकली. त्या ओरडल्या नाहीत. “मी विचारायला आले म्हणून बरं झालं, बाई,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या एकोणचाळीस पोरांच्या आयांना कोण सांगणार?”

कारकूनबाई आपल्या टेबलापाशी गेल्या, मुलांची यादी काढली आणि फोन उचलला. सर मागून आले. “अहो, जरा थांबा. आधी काय बोलायचं ते ठरवू. आणि हा फोन शाळेच्या कामासाठी आहे.”

कारकूनबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि पहिला नंबर फिरवला.

“कागद काढायचा?” पलीकडची बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली. “अहो, पण आम्ही त्याला काच लावून भिंतीवर टांगलाय.”

“काढा,” कारकूनबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.