याकरचं आमेन

सोमवारी सभास्थानात प्रार्थनेनंतर आमच्या यहुदी समाजाच्या पंचप्रमुख एल्याकीमनं ठराव वाचला: बाहेरगावच्या माणसानं इथे बिऱ्हाड करायचं नाही, असेल त्यानं वसंतातल्या वल्हांडण सणाच्या आत उठायचं. शेवटी त्यानं आशीर्वाद जोडला, देव या समाजाला राखो. आशीर्वाद संपला की तोंडातून जे आपोआप निघतं, तेच माझ्या नवऱ्याच्या, याकरच्या, तोंडातून निघालं. आमेन. तेही स्वतःच्याच हकालपट्टीला.

बाहेरगावचा असा तो एकटाच होता, लग्नानंतर माझ्या घरी राहायला आलेला. एल्याकीमच्या मेहुण्यासारखाच कातडी विकायचा, पण स्वस्त.

ऱ्हाईनवर अजून बर्फ वाहत होता. आमच्या तान्ह्या सूस्किंदच्या छातीत कफ घरघरत होता. उठायचं तर तिघांना नदीनंच जावं लागलं असतं, आणि नावेत तो तगला नसता.

शनिवारी, शब्बाथला, तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, पेटीतून काढली, तशी मी बायकांच्या खोलीच्या खिडकीतून म्हटलं, वाचन थांबवा, माझी फिर्याद आहे. फिर्याद निकालात निघाल्याशिवाय तोरा उघडायची नाही, आणि ती पेटीबाहेर असेतो कुणी बसायचं नाही, ही आमची जुनी रीत. वडिलांनी मला मुलासारखं शिकवलं होतं. त्यांनी शिकवलेलंच मी मांडलं. बहुमत नवा कर बसवू शकतं, पण एखाद्याचं असलेलं त्याच्या संमतीशिवाय काढून घेऊ शकत नाही. शंभरांनी मिळून लुटलं तरी ती लूटच.

"संमती?" एल्याकीम म्हणाला. "युता, तुझा नवरा आमेन म्हणाला की. चांगलं खणखणीत."

पुरुष हसले. याकरनं मान खाली घातली. माझ्या शेजारी एल्याकीमची बायको ब्रुना पुटपुटली, "घरी जा बाई, दूध आटेल तुझं."

"मी आमेन म्हटलं नव्हतं," मी म्हणाले.

"बायकांचं आमेन कोण धरतं?"

"मग तुमचा ठरावही मी धरत नाही. घर माझ्या वडिलांचं, आता माझं. तिथून माझ्या माणसाला काढायचं तर माझं आमेन लागेल. ते मिळायचं नाही. राहा उभे."

राहिले उभे. दुपार झाली, पोटं बोलायला लागली. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारीच भटारखान्याच्या भट्टीत ठेवलेली सगळ्यांची जेवणाची भांडी करपत होती. पोट भरलेला एकटा सूस्किंदच, माझ्या शालीखाली. शेवटी एल्याकीम म्हणाला, "राहू दे त्याला. वाचा."

ठराव मोडला नाही. आम्हाला फक्त वगळलं.

परतताना कुणी शब्बाथच्या शुभेच्छा दिल्या नाहीत. भट्टीतलं आमचं भांडं बाहेर पायरीवर ठेवलेलं होतं, झाकण काढून, थंडगार.

घरी याकरनं भाकरीवर आशीर्वाद म्हटला. मी तो शेवटपर्यंत नीट ऐकून घेतला, मगच आमेन म्हटलं.