फ्लोराच्या खोलीची एकेरी काच

एकाच काचेची जुनी खिडकी आहे मी, मित्रांनो, आणि हे सांगतानासुद्धा मला मान वर करवत नाही. तुम्ही म्हणाल, खिडकीला कसली आली आहे लाज? पण घरात थंडी येऊ द्यायची नाही, एवढं एकच काम मला नेमून दिलेलं होतं. ते मला जमलं नाही, आणि त्याची शिक्षा एका लहान मुलीनं भोगली.

माझा जन्म पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाकडच्या इन्व्हरकार्गिल गावातल्या एका सुताराच्या कारखान्यात झाला. माझी चौकट रिमूच्या तांबूस लाकडाची. डुगल्ड नावाच्या एका नव्या नवऱ्यानं मला खांद्यावरून घरी नेलं, मागच्या भिंतीत बसवलं आणि काचेच्या कडेनं अंगठ्यानं दाबून दाबून लांबीचा लगदा भरला. मग लांब उभा राहून बायकोला म्हणाला, "बघ, काच आहे की नाही ते कळतसुद्धा नाही." ते ऐकून मी अगदी फुशारून गेले होते. खरं तर तेव्हाच मला धोका कळायला हवा होता, कारण काच आहे की नाही हे वाऱ्यालाही कळत नव्हतं.

आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं आणि वारा दक्षिणेकडून, थेट दक्षिण ध्रुवाच्या बर्फावरून. घराच्या दर्शनी खोल्या उत्तरेला. मी दक्षिणेला. माझ्या वाट्याला ऊन कधी आलंच नाही. रात्रभर घरातल्या माणसांच्या श्वासाची वाफ माझ्या गार अंगावर येऊन बसायची आणि सकाळी तिचे ओघळ चौकटीत उतरायचे. मग घरातलं कुणीतरी जुना टॉवेल घेऊन यायचं, मला पुसायचं आणि टॉवेल बादलीत पिळायचं. गावात घरोघरी हेच चालायचं, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. थंडी वाजते असं म्हणणं म्हणजे आपण लेचेपेचे आहोत अशी कबुली देणं. पाहुणे यायचे असले, की दर्शनी खोलीतली शेगडी पेटवायची, बाकीच्या खोल्यांची दारं लावून घ्यायची आणि घर असंच उबदार असतं असा चेहरा करून बसायचं.

वर्षं गेली. डुगल्डची बायको वारली. त्याचा मुलगा कीथ, सून शोना आणि छोटी नात फ्लोरा त्याच्यापाशी राहायला आली. डुगल्डचे आता डुगल्डआजोबा झाले होते. फ्लोराचा पलंग माझ्या खाली मांडला गेला. ती बोटानं माझ्या धुक्यावर मेंढ्या काढायची. दुपारपर्यंत मेंढ्यांना पाय फुटून त्या खाली ओघळायच्या आणि ती खुदखुदायची. माझ्या शेजारचा पडदा मात्र काळ्या बुरशीनं भरत चालला होता, आणि फ्लोराच्या छातीतून रात्री बारीक शिटीसारखा आवाज यायचा. तो माझ्याइतक्या जवळून दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

एकदा डनेडिन शहराहून आजोबांची बहीण नेटा आली. दर्शनी खोलीत चहा चालला असताना खिडकीच्या वरच्या पट्टीवरून थेंब पडला तो थेट तिच्या चीझ रोलवर. नेटा म्हणाली, "डुगल्ड, तुझ्याकडे पाऊस आत पण पडतो वाटतं?" सगळे हसले. आजोबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते, असं शोना नंतर कीथला माझ्यासमोर सांगत होती.

त्यानंतरच घरात दुहेरी काचांच्या खिडक्यांची गोष्ट निघाली. दोन काचा आणि मधे कोंडलेली कोरडी हवा. त्या खिडक्या घामेजत नाहीत म्हणे, आणि वाऱ्याला दाद देत नाहीत. मापं घेणारा माणूस आला, घरभर फिरला आणि या वर्षी निम्म्याच खिडक्या होतील, त्या कुठल्या ते तुम्ही ठरवा, असं सांगून गेला. तिघं ठरवायला उभे राहिले ते नेमके माझ्यापुढेच.

शोना म्हणाली, "मागच्या आधी करू या. फ्लोराची छाती बघताय ना तुम्ही, बाबा?"

"पोरांच्या छात्या वाजतातच. अजून एक स्वेटर चढव तिच्या अंगात," आजोबा म्हणाले. "कीथ त्याच खोलीत वाढला. काय बिघडलं त्याचं?"

"बिघडलं नाही कसं? अजून तुमच्यापुढे तोंड उघडत नाही तो."

कीथनं तोंड उघडलं, पण ते असं. "शोना, जुलैत बाबांची पंचाहत्तरी आहे. नेटाआत्या येणार, सगळे येणार. समोरच्या करून टाकू. मागच्या पुढच्या वर्षी."

शोनानं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाही पाझरत होते. याहून मोठ्यानं सांगणं मला येत नव्हतं.

समोरच्या चार खिडक्या बदलल्या. कोरड्या, देखण्या, रस्त्यावरून दिसणाऱ्या. मग जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. घरातली वाफ काही कमी झाली नव्हती. तिला समोर बसायला गार काच उरली नाही, तेव्हा ती बंद दारांच्या फटींतून माझ्याकडे येऊ लागली. आता सकाळी टॉवेल पुरेनासा झाला. फ्लोराच्या उशीची कड ओली व्हायला लागली. मी रोज ठरवायचे की आज थेंब सोडायचा नाही, आणि रोज माझा निश्चय पहाटेपर्यंत वाहून जायचा.

ऐन हिवाळ्यातला जुलै उजाडला. पंचाहत्तरीच्या दुपारी दर्शनी खोली माणसांनी भरली. भिंतीतून हसण्याचा आणि टाळ्यांचा आवाज येत होता. कुणी नव्या काचेवर टिचक्या मारून पाहत होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आलेल्या पाहुण्यांचे कोट आतल्या पलंगावर, म्हणजे फ्लोराच्या पलंगावर, टाकले होते. त्यांचा चांगला ढीग झाला होता. फ्लोराला सकाळपासून खोकला होता, म्हणून शोनानं तिला समोरच उबेत बसवलं होतं. पण पाहुण्यांपुढे खोकणं बरं दिसत नाही, असं आजोबा तिच्या कानात म्हणाले असावेत, कारण ती एकटीच आत आली आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं, खेळायला आली. ती कोटांच्या ढिगात शिरली आणि तिनं एक जाड लोकरी कोट डोक्यावरून ओढला.

तिचा श्वास मला ऐकू येत होता. आधी शिटी, मग करवतीसारखी घरघर, मग दोन श्वासांमध्ये लांब लांब शांतता. मी खडखडले असते, पण त्या दिवशी नेमका वारा नव्हता.

नेटा आपला कोट न्यायला आली. तिनं कोट उचलला आणि खाली फ्लोरा. ओठ निळसर, डोळे मोठे झालेले. नेटानं तिला उचललं, दार पायानं ढकललं आणि हाक मारली, "शोना, लवकर ये. हिला श्वास घेता येत नाहीये."

सगळे दारात आले. इतक्या माणसांनी मला कधीच पाहिलं नव्हतं. बुरशीचा पडदा, ओली भिंत, चौकटीत साचलेलं पाणी, सगळं त्यांना एकदम दिसलं. आजोबा भावंडांच्या, पाहुण्यांच्या मागे उभे होते आणि पुढे येत नव्हते. त्या क्षणी मला कुणी दगड मारून फोडलं असतं तर बरं झालं असतं.

रुग्णवाहिका आली. फ्लोरा काही दिवस इस्पितळात राहिली आणि मित्रांनो, ती बरी होऊन घरी आली. ती येण्याआधीच आजोबांनी आपली समोरची खोली तिला दिली होती आणि ते स्वतः माझ्या खाली झोपायला आले होते. कीथनं खूप विनवलं, पण त्यांनी ऐकलं नाही. लोकरी टोपी घालून ते पडायचे आणि सकाळी स्वतः मला पुसायचे.

एका दुपारी फ्लोरा त्यांच्या पलंगावर येऊन बसली. आजोबांनी विचारलं, "तुला एवढी थंडी वाजत होती, तर मला सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही म्हणाला असतात, अजून एक स्वेटर घाल," ती म्हणाली. "मी तीन घातले होते, आजोबा. चौथा माझ्याकडे नव्हता."

आजोबांनी टॉवेल उचलला आणि मला पुसायला लागले. मी केव्हाच कोरडी झाले होते, तरी ते पुसत राहिले.

थंडी सरताच त्यांनी मला स्वतःच्या हातानं भिंतीतून उतरवलं. माझ्या जागी दुहेरी काच आली. मी आता परसात, कोबीच्या रोपांच्या खोक्यावर झाकण म्हणून पडून असते. माझ्याकडून एवढंच होण्यासारखं आहे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादी चांगली वस्तू एकच येणार असेल, तर ती कुणाला दिसेल हे पाहू नका, तिची गरज कुणाला आहे ते पाहा. आणि घरातलं एखादं मूल गप्प गप्प असेल, तर त्याचे हात आपल्या हातात घेऊन बघा, गार आहेत का ते. मला हात नव्हते. आमच्या घरात ज्यांना होते, त्यांनी ते टाळ्या वाजवण्यात गुंतवले होते.