काच ती काच

सहा वर्षं तिने एकाच जिवाणूमागे घालवली होती. जिवाणूला जगायला लोह लागतं आणि हा पठ्ठ्या ते रक्तातल्या हीम या लोहयुक्त रेणूमधून ओरबाडतो. त्यासाठी त्याच्या आवरणावर एक रिसेप्टर असतो, हीमपुरतं दारच म्हणा. तिने त्याचा जीनच काढून टाकला. दार गेलं, आता नुसत्या हीमवर ठेवलं की जिवाणू उपाशी मरतो. एवढ्यावर तिचा प्रबंध उभा होता.

तिच्या मार्गदर्शक सरांना ते पटेना. त्यांच्या सल्ल्याशिवाय काही सिद्ध व्हावं, हा त्यांना अपमान वाटे. पोरांच्या हाताला सफाई नाही म्हणत सोमवारी त्यांनी स्वतः प्रयोग लावला. इथे हीमबाहेरच्या लोहाचा कणही चालत नाही, म्हणून ती फ्लास्क दोन दिवस आम्लात भिजवत असे. सरांना एवढा धीर कुठला? त्यांनी फळीवरचे फ्लास्क घेतले आणि नळाखाली खळखळवले. ती अडवायला गेली, तर म्हणाले, "काच ती काच."

मंगळवारी फ्लास्क दुधाळ झाले. जिवाणू मजेत वाढले होते. झालं, सरांना आभाळ ठेंगणं झालं. हीमसाठी दुसरा रिसेप्टर असणार आणि तो आपणच शोधला, असं त्यांनी गावभर केलं. तिचा प्रबंध थांबवायला गुरुवारी समितीही बोलावली.

ती रडली नाही, चिडली. बुधवारी तिने फळीवरचाच फ्लास्क घेतला, तस्साच खळखळवला, त्यात तेच जिवाणू सोडले, हीम मात्र घातलंच नाही. शेजारी आधीच आम्लात भिजवून ठेवलेल्या फ्लास्कातही जिवाणू हीमशिवाय सोडले.

गुरुवारी सरांचं पाऊण तास व्याख्यान झालं. मग तिने दोन्ही फ्लास्क टेबलावर ठेवले. आम्लातला नितळ, नळाखालचा दुधाळ.

"दोन्हींत हीम नाही," ती म्हणाली. "मग सरांच्या नव्या रिसेप्टरने खाल्लं काय?"

सर म्हणाले, काहीतरी घोटाळा असेल. समितीतल्या बाईंनी तिची वही चाळली. नळाच्या पाण्यात लोह असतं आणि ते घ्यायला जिवाणूकडे वेगळे रिसेप्टर असतात, हे त्या पहिल्या वर्षाला शिकवत.

"सोमवारचे फ्लास्क कुणी धुतले होते?" त्यांनी विचारलं.

सहा वर्षांत सरांनी प्रयोगशाळेत दुसरं काही धुतलं नव्हतं. तिला त्यांची कीव आली नाही. आनंद झाला, आणि तो तिने लपवलाही नाही.